पाऱ्याचा वारा

खारवलीच्या खाडीतला मासा आता खायला हरकत नाही, असं सरकारनं जाहीर केलं त्याच आठवड्यात दर्शना भाटकर टोपलीभर बोय घेऊन धाकट्या बहिणीकडे तळकोंडला गेली. खाडीकाठच्या माणसांनी वीस-बावीस वर्षं स्वतःच्या खाडीतला मासा तोंडात घातला नव्हता. रसिका तर लहानपणी बोयीचे काटेसुद्धा चावून खायची. टोपलीचा वास आला की ही अंगणातूनच ओरडेल, असं दर्शनाला वाटलं होतं.

ओरडणं हा रसिकाचा स्वभावच होता. रसिका गोरिवले हे नाव चार तालुक्यांत जाखडीच्या गाण्यासाठी माहीत होतं. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन फड समोरासमोर उभे राहिले, की समोरचा शाहीर सवाल टाकून घाम पुसेपर्यंत हिचा जवाब तयार असायचा. एका नावाजलेल्या बुवाला तिनं भर मैदानात असं गप्प केलं होतं, की तो बिचारा ढोलकीवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिला. दर्यावर वाढलेली खारव्याची पोरगी कुणब्याच्या घरात कशी नांदणार, म्हणून लग्नात कुरबुर करणारे दोन्हीकडचे लोक पुढे तिचं गाणं ऐकायला पहिल्या रांगेत बसायचे.

त्या दिवशी अंगणात कोणी नव्हतं. दार आतून लावलेलं. दर्शनानं दोनतीनदा हाक मारल्यावर कडी निघाली आणि रसिका लगेच आतल्या खोलीत शिरली. दर्शना मागोमाग गेली. सख्ख्या बहिणीला बघून रसिकाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"काय गो, बरं नाही काय?"

"बरी आहे," रसिका भिंतीकडे बघत म्हणाली.

तिनं चहा केला. कप बशीवर वाजत होता. बशी खाली ठेवेपर्यंत निम्मा चहा सांडला, आणि ते कोणी बघितलं म्हणून ती रडायला लागली. बोयांना तिनं हात लावला नाही.

तिचा नवरा संदेश शेतावरून आला आणि दर्शनाला पडवीत बसवून त्यानं सगळं सांगितलं. दिवाळीनंतर तिनं गाण्याच्या सुपाऱ्या परत करायला सुरुवात केली. मग नळावर जाणं बंद केलं. रात्र रात्र झोप नाही. मध्येच अशी भडकते, की एकदा पोरीच्या अंगावर कालथा फेकला. हिरड्यांतून रक्त येतं. तालुक्याच्या डॉक्टरनं मन उदास आहे म्हणून गोळ्या दिल्या. संदेशनं देवळात कौलही लावला; कोणाची तरी नजर आहे, असा कौल आला. हे सगळं सांगताना संदेशनं स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ते का, हे दर्शनाच्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

परतताना मात्र वस्तीतून चालता चालता तिचं लक्ष ओट्यांकडे गेलं. दुपार उतरली होती, माणसं ओट्यावर येऊन बसायची वेळ. एकाही ओट्यावर माणूस नव्हतं. दुकानदारानं सुटे पैसे देताना नाणी दोनदा खाली पाडली आणि मान वर केली नाही. एसटीचा ड्रायव्हर म्हणाला की तळकोंडची माणसं अलीकडे विचित्र झालीत, गाडीत चढली तरी शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसतात.

हात कापणं, हिरड्या सुजणं आणि माणसांची लाज वाटू लागणं. ही तीन लक्षणं दर्शनाला पाठ होती. कामावर लागताना ती तिला शिकवली होती, आणि तिसरं ऐकून ती तेव्हा हसली होती.

दर्शना बीएस्सी झालेली होती आणि गेली चार वर्षं खारवलीच्या बांधाआड उगवणाऱ्या गवताची देखभाल करत होती. लोक त्याला पारगवत म्हणत. खाडीच्या तोंडाशी पूर्वी कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. तो कधीच बंद पडला, मालक परागंदा झाले, पण त्यांनी सोडलेला पारा खाडीच्या चिखलात राहिला. चिखलातले जिवाणू त्या पाऱ्याला असं रूप देत, की तो माशाच्या मांसात साठून राही. म्हणून मासेबंदी. मग पुण्याहून डॉ. इरावती लघाटे आल्या.

गावच्या सभेत डॉ. लघाट्यांनी डांबराची गोळी हातात धरून दाखवली होती. कपड्यांत ठेवलेली गोळी वर्षभरात हरभऱ्याएवढी होते, ती जाते कुठे, असं त्यांनी बायकांना विचारलं. ती वितळत नाही, सांडत नाही, ती हवेत जाते. पाण्यात आणि मातीत मिसळलेली कितीतरी द्रव्यं अशीच हळूहळू वाफ होऊन निघून जात असतात. काहींना पाणी धरून ठेवतं, काहींना माती चिकटवून ठेवते, आणि ऊन वाढलं की सगळ्यांचीच पकड सैल होते. पारा धातू असला तरी उडतो. त्या वाफेला वास नाही की रंग नाही. मात्र खाडीतला पारा क्षार होऊन चिखलाला चिकटलेला, त्यामुळे तो उडू शकत नव्हता. काही जिवाणूंना अशा क्षारातून शुद्ध पारा मोकळा करण्याची युक्ती अवगत असते. ती युक्ती लघाट्यांनी खाऱ्या जमिनीतल्या एका गवताच्या पेशींत उतरवली. खाडीचा गाळ काढून बांधाच्या आत पसरायचा, त्यात गवत लावायचं. मुळं पारा शोषून घेणार, पानं तो मोकळा करून हवेत सोडणार.

आणि हवेत गेलेला पारा कुठे जाईल, असं एका म्हाताऱ्या खारव्यानं विचारलं होतं. आकाश मोठं आहे, वारा त्याला इतका पातळ करील की असून नसल्यासारखा, असं उत्तर मिळालं. सभेत टाळ्या वाजल्या. दर्शनानंही वाजवल्या होत्या.

तळकोंडहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं गवताच्या वाफ्यांवर वापरायचा पारामापक पिशवीत घातला आणि स्कूटरवरून तळकोंडच्या दरीत निघाली. वाफ्यांजवळ आकडा जेवढा असायचा तेवढाच होता. खाडी मागे पडली तसा तो उतरला, आणि तिला हायसं वाटलं. पुढे दरी अरुंद झाली, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले, आणि आकडा पुन्हा चढू लागला. तळकोंडच्या शाळेपाशी तिनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. वाफ्यांपेक्षा तिथे आकडा जास्त होता, आणि वाफ्यांवर ती चार वर्षं मास्क लावून काम करत आली होती.

डॉ. लघाटे कळल्या कळल्या आल्या. त्यांनी तळकोंडात आठवडाभर मुक्काम केला, झाडांच्या पानांचे, अंगणातल्या मातीचे, विहिरींचे नमुने घेतले, स्वतः कौलांवर चढून यंत्रं बांधली. शेवटच्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी दर्शनाला समजावून सांगितलं. दुपारी समुद्रावरून सुटलेला वारा गवतावरून येतो आणि दरीतून वर चढतो. तळकोंडच्या मागे घाटाची भिंत आहे, तिथे तो अडतो. संध्याकाळी डोंगरावरची थंड हवा खाली उतरून दरीवर झाकणासारखी बसते, आणि पारा तिथल्या मातीवर, पानांवर, सारवलेल्या अंगणांवर उतरतो. सकाळी ऊन तापलं की तोच पारा मातीतून पुन्हा वाफ होऊन उठतो. म्हणजे कालचा कुठे गेलेलाच नसतो, आणि दुपारी नवा येतो.

"मी गणित मांडलं ते मोकळ्या किनाऱ्याचं," त्या म्हणाल्या. "विष मी संपवलंच नव्हतं गं. मी त्याला फक्त बिऱ्हाड बदलायला लावलं."

गवत ताबडतोब कापा आणि वाफे झाकून टाका, असा अहवाल त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवला.

बातमी खारवलीत पोचायला वेळ लागला नाही. दर्शनाचा नवरा रूपेश लग्नानंतरची सगळी वर्षं वेरावळच्या ट्रॉलरवर राबला होता. वर्षातून दोन महिने घरी, बाकी बायकोला आवाज फक्त फोनवरून. खाडी उघडली तसा तो परत आला, त्यानं होडी घेतली, आणि पहिल्यांदाच नवराबायको रोज एका पंगतीला बसू लागली. बातमी ऐकली त्या रात्री तो जेवताना म्हणाला की रसिकाला इकडे घेऊन ये, तिला आणि पोरीला, लागेल तेवढे दिवस राहू देत. दर्शनाच्याही मनात तेच होतं.

ती दोघींना घेऊन आली. पण खारवलीचं घर म्हणजे सतत माणसांची येजा. जाळं मागायला कोणी येई, बर्फ द्यायला कोणी, आणि शिवाय गावभरच्या बायकांना आपल्या माहेरवाशिणीला बघायचं होतं. रसिका माडीवरच्या खोलीत कोंडून घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःचे केस उपटले आणि मला माझ्या घरी पोचव म्हणून पाय धरले. त्या आजाराला माणसं सोसत नव्हती, आणि जिथे माणसं नव्हती तिथली हवा तिला मारत होती. संदेश येऊन तिला परत घेऊन गेला. आणि रसिका एकटी नव्हती. तळकोंडात तीनशे माणसं होती.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन सुभाष तांडेल घरी आले. माणूस भला होता, आवाज चढवून बोलणारा नव्हता. वरच्या लोकांचं वाईट व्हावं असं कोणाला वाटतंय, असं ते म्हणाले. पण गाळ अजून निम्माच साफ झालाय. आज गवत कापलं तर उरलेला पारा वाफ्यांतच राहील, खाडी पुन्हा बंद होईल, आणि या वेळी गेलेली पोरं परत यायची नाहीत.

"तीनशे माणसांसाठी चार हजार उपाशी ठेवायची, हे तूच सांग दर्शना, कुठल्या तराजूत बसतं?" त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, सरकारची समिती चौकशीला येते आहे, ती काय ते ठरवील.

समिती माघात आली. सुनावणी तळकोंडच्या शाळेत ठेवली होती, म्हणजे आजारी लोकांना लांब जायला नको. पाच अधिकारी, दोन डॉक्टर. गावकऱ्यांसाठी अंथरलेल्या सतरंज्या जवळजवळ रिकाम्या राहिल्या. वस्तीतली दारं आतून बंद होती. आलेल्या मोजक्या लोकांपैकी दोघं एकमेकांवर धावून गेले आणि त्यांना बाहेर काढावं लागलं. लघवीच्या तपासण्यांत पारा सापडला होता, पण कारखान्यातल्या कामगारासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत. ती मर्यादा आठ तास काम करून घरी जाणाऱ्या माणसासाठी आहे, घरातच दिवसरात्र तीच हवा घेणाऱ्यासाठी नाही, असं डॉ. लघाटे परोपरीनं सांगत होत्या. मग अशा माणसासाठी मर्यादा किती, असं अध्यक्षांनी विचारलं. तशी मर्यादा अजून कोणी ठरवलीच नव्हती.

दर्शनानं रसिकाला आणलं होतं. आदल्या दिवसापासून ती तिच्याजवळ बसून होती, तू फक्त उभी राहा, जेवढं सुचेल तेवढं सांग, असं समजावत होती. हजारो माणसांसमोर पहाटेपर्यंत गाणारी रसिका संदेशचा दंड धरून त्या वर्गात आली आणि सात माणसांसमोर उभी राहिली. अध्यक्ष वयस्क होते, मायेनं बोलले.

"घाबरू नका बाई. तुम्हाला काही त्रास होतो का?"

रसिकाच्या गळ्यापासून लाली वर चढली. ओठ हलले. हात असे कापत होते की बांगड्या वाजत होत्या. दर्शना मनातल्या मनात म्हणत होती, बोल गो, बोल.

रसिकानं मान हलवली. नाही. मग पदरात तोंड लपवून ती बाहेर पळाली.

लघाटे उठून उभ्या राहिल्या. हाच तो आजार आहे, आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर होता, असं त्या म्हणाल्या.

"डॉक्टर, मला दिसतं हो," अध्यक्ष थकल्या आवाजात म्हणाले. "पण गप्प बसणं हा पुरावा म्हणून मी कागदावर कसा घेऊ?"

कागदावर आलं ते असं: स्थानिकांची ठोस तक्रार नाही, दोन वर्षं निरीक्षण करावं, तोपर्यंत प्रकल्प चालू ठेवावा. नंतर पुण्याहून लघाट्यांचा फोन आला. वरपर्यंत भांडून झालं होतं. गवताचे हक्क त्या काम करत त्या संस्थेचे होते, त्यांचे स्वतःचे नव्हते. पुढच्या वर्षी आणखी तीन खाड्यांत तेच गवत लावायचं ठरलं होतं, कारण खारवलीचा मासा साफ निघाला होता.

फाल्गुन लागल्यावर दर्शना पुन्हा तळकोंडला गेली. या खेपेला भाची आर्यानं दार उघडलं. चौथीतली पोरगी, मावशी आली की पिशवी आधी ओढणारी. ती दर्शनाकडे क्षणभर बघत राहिली, तिचा चेहरा आईसारखाच लाल झाला, आणि ती खाटेखाली शिरली. दर्शना जमिनीवर आडवी होऊन तिच्याशी किती वेळ बोलली. पोर भिंतीला चिकटून, तोंडावर हात धरून पडून राहिली. बाहेर आली नाही.

परत येताना दर्शनानं मापक काढलाच नाही.

खारवलीचा बांध जुना होता. समुद्र वर चढू लागल्यापासून त्याची उंची वाढवली होती, पण पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी तीच, दगडी खांबांमधल्या खाचांत बसवलेल्या लाकडी फळ्यांची. गवताला पाणी निमखारं लागे, म्हणून उधाणाच्या दिवशी फळ्या घट्ट बसल्यात ना, हे बघणं दर्शनाचं काम. फळ्या निघाल्या तर काय होईल, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. भर समुद्राचं पाणी आत शिरेल आणि गवत दोन दिवसांत करपेल. ओहोटीबरोबर वाफ्यांतला गाळ, चार वर्षं उपसून आणलेला, खाडीत परत जाईल. तो पुन्हा गोळा करणं कोणाच्या बापाला जमणार नाही. माशांत पुन्हा पारा येईल, आणि तो तिच्या हयातीत जाणार नाही.

तिनं इतर वाटा शोधून बघितल्या होत्या. वर्तमानपत्रवाले येऊन फोटो काढून गेले होते. एकटीनं गवत कापावं, तर ते महिन्यात पुन्हा वाढतं आणि कापणारीला कामावरून काढतात. वस्ती हलवावी, तर ज्या माणसांना दाराबाहेर पडायची लाज वाटते ती हलणार कशी?

शिमग्याच्या पुनवेला देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर आली. अख्खं गाव तिथे होतं, रूपेश पालखीच्या पुढच्या दांड्याला. पुनवेचं उधाण भर दुपारी येतं. दर्शनानं देवीची ओटी भरली, आणि गर्दीतून निघून ती बांधावर आली. ढोलाचा आवाज तिथपर्यंत येत होता. पाणी फळ्यांच्या वरच्या कडेला टेकलं होतं.

पाचर काढायला तिनं पहार वापरली. पहिली फळी निघेना. पाण्याचा दाब तिला खाचेत आवळून धरत होता. फळ्या वर ओढायचा रहाट तिनं सगळं अंग टाकून फिरवला. फळी सुटली तेव्हा झालेला आवाज ढोलात बुडाला. दुसरी, तिसरी सोपी गेली. फळ्या तिनं पाण्यात ढकलल्या आणि त्या परत बसवता येऊ नयेत म्हणून खाचांचे दगड पहारेनं फोडले. पाणी आधी गवताच्या मुळांशी पसरलं, मग गवत एका बाजूला झोपलं. हिरव्या वाफ्यांवरून हिरवट पाणी चढत गेलं. ती ओहोटी लागेपर्यंत तिथेच बसून राहिली. जे केलं ते डोळे उघडे ठेवून बघायला हवं, असं तिला वाटलं. सूर्य कलला तसं उघाडीतून काळपट पाणी बाहेर पडू लागलं आणि खाडीच्या निळ्या पाण्यात लांबवर घुसत गेलं. उधाणाबरोबर आलेल्या बोयांचा थवा त्या पाण्यात उड्या मारत होता.

चौकशी झाली. उधाणाच्या दाबानं जुनी उघाडी खचली, असं अभियंत्यांनी लिहिलं. जुन्या बांधकामाबद्दल असं लिहिणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. गावानं ते मानलं नाही. कोणीतरी परक्यानं दावा साधला, असं लोक म्हणू लागले, आणि तो कोण यावरून गावात दोन तट पडले. दर्शनाचं नाव कोणी घेतलं नाही. तिचाच तर नवरा होडीवर होता, तिचीच तर नोकरी गेली होती.

पावसाळ्याआधी मासेबंदीचा कागद सोसायटीच्या दारावर लागला. सुभाष तांडेल त्याच महिन्यात अंथरुणाला खिळले. होड्या उलट्या करून झावळ्यांनी शाकारून ठेवल्या गेल्या, आणि पोरं पुन्हा वेरावळ, मंगळूर जिथे काम मिळेल तिथे गेली.

रूपेश निघाला त्या सकाळी तो पिशवी भरून ओट्यावर बसला होता. गाडीला अवकाश होता.

"उघाडीच्या फळ्या मीच बसवल्या होत्या," तो म्हणाला. "मागच्या पावसाळ्यात सुट्टीवर होतो तेव्हा. सागाच्या होत्या त्या."

दर्शना उंबऱ्यात उभी होती. त्यानं खाडीकडे बघितलं.

"रसिका कशी आहे?"

"झोप लागते म्हणते. पोर शाळेत जायला लागली."

त्यानं मान हलवली, पिशवी उचलली आणि तो गेला. सुरुवातीला त्याचा फोन आठवड्याला येई. पुढे सणासुदीला यायला लागला. त्यानं ती गोष्ट पुन्हा काढली नाही, आणि कोणाला सांगितलीही नाही. ही क्षमा होती की शिक्षा, हे तिला कधी कळलं नाही.

तळकोंडला पावसानं धुऊन काढलं, दरीत नवा पारा येईना, आणि माणसं हळूहळू दारं उघडून बाहेर यायला लागली. सगळी पहिल्यासारखी झाली नाहीत. दुकानदाराचे हात कापतच राहिले. संदेशला घरच्यांची नावं मध्येच आठवत नसत. पण त्यानं बोललेला नवस फेडला, बकरं दिलं, कारण नजर उतरली होती. तो वारा खाडीचा होता हे लघाट्यांच्या अहवालात होतं. पण तो अहवाल वस्तीत कोणी वाचला नव्हता, सुनावणीतलं बोलणं दारं लावून बसलेल्यांपर्यंत पोचलं नव्हतं, आणि दर्शनानं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि आपल्यासाठी काय गेलं हे ओझं मग रसिकाला जन्मभर वाहावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी रसिका एकटीच एसटीनं खारवलीला आली. दोन दात पडले होते, केसांत पांढरं दिसत होतं. पण गल्लीच्या तोंडापासूनच तिनं हाक मारली, आणि त्या हाकेनं शेजारच्या चारपाच बायका बाहेर आल्या. तिनं कुळीथ आणले होते, नवे तांदूळ आणले होते. ती ओट्यावर पाय सोडून बसली, बायका भोवती बसल्या. गाव ओसाड झालं गो, असं ती म्हणाली, आणि एकेकीला नाव घेऊन विचारू लागली, तुझा कुठे आहे, तुझा कधी येणार. बायका सांगत होत्या आणि रडत होत्या.

मग रसिकानं सांगितलं की या शिमग्याला ती पुन्हा गाण्याला उभी राहणार आहे, आणि माहेरच्या खाडीवर तिनं नवं गाणं बांधलंय. बायकांनी आग्रह केला तशी ती उभीच राहिली, कमरेला पदर खोचून, एक हात कानाशी नेऊन. हात जरासा कापत होता. आवाजाला मात्र काही झालं नव्हतं.

"कोणी खोलली उघाडी, कोणी नासली गो खाडी,
त्याच्या चुलीला न मिळो पेटवाया काडी..."

समोरच्या घरातली म्हातारी काठी टेकत बाहेर आली. कोणीतरी टाळी धरली. दर्शना उंबऱ्याशी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. गेल्या शिमग्याला ज्या आवाजासाठी तिनं देवीची ओटी भरून, पण देवीला न विचारता सगळं केलं होतं, तो तिच्या दारात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा लागला होता.

पहिलं कडवं संपलं. रसिका वळली, तिच्याकडे बघून पूर्वीसारखी हसली.

"काय गो ताई, गप्प बसलीस? झील धर की."

बायका तिच्याकडे बघत होत्या. दर्शनानं सूप खाली ठेवलं, घसा खाकरला, आणि त्याच ओळी मागून म्हणत झील धरली.